नाटकाविना नांदी

नांदी आणि कीर्तनाचा पूर्वरंग मराठी रसिकास परिचित आहेत; दोहोंनाही पुढे काही अपेक्षित असते. युरोपीय संगीतातील ‘प्रेल्यूड’ हाही मुळात असाच, पुढील रचनेला वाट करून देणारा प्रकार. बाखच्या १७२२ च्या संग्रहात प्रत्येक प्रेल्यूडमागून फ्यूग येतोच. शोपँने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या २४ प्रेल्यूडांमागून मात्र काहीच येत नाही. शूमानलाही ती रेखाटने वाटली. मायोर्का बेटावर हा संच पुरा झाला; तेथील मठाच्या आणि पावसाच्या आख्यायिकांशी येथे कर्तव्य नाही.

ह्यांतील चौथा, ई मायनरमधील प्रेल्यूड अवघ्या २५ आवर्तनांचा आहे. ई हा षड्ज मानल्यास उजव्या हाताची सुरावट आरंभी पंचमावर ठाण मांडते, कोमल धैवताला स्पर्शून पुन्हा तेथेच परतते. एवढ्यावर आपला गवई तृप्त होणार नाही! परंतु डाव्या हातातील स्वरसंघ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जातात आणि तोच पंचम दर वेळी निराळा, अधिक आर्त भासतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो व गाणे हलते. येथे सूर स्थिर आणि त्याखालची भूमी सरकते. ह्याला नुसते ‘उदास’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. पुढे सुरावट एकदाच उसळते, लगेच ओसरते. मग एक विराम आणि तीन मंद स्वरसंघ.

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीत हाच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला.