पेनल्टी शूटआउट : पाच जणांची यादी कशी ठरते?

जयपूर : फुटबॉलचा सामना बरोबरीत संपला की मैदानावर नेहमीचे दृश्य दिसते. खेळाडू गवतावर बसतात, पायांना मालिश सुरू होते आणि प्रशिक्षक हातात कागद घेऊन एकेकाजवळ जातात. पेनल्टी शूटआउटची नावे या दोन-तीन मिनिटांत ठरतात, असा प्रेक्षकांचा समज असतो. वास्तविक सरावातील कामगिरीवरून बरीचशी यादी आधीच तयार असते. ऐनवेळी पाहायचे असते ते एवढेच की, त्या यादीतील कोण अजून मैदानावर आहे आणि कोणाची फटका मारण्याची तयारी आहे.

जयपूरच्या राजस्थान युनायटेडसारख्या संघांवर साखळी सामन्यांत ही वेळ येत नाही. बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. बाद फेरीच्या स्पर्धांत मात्र ती केव्हाही येऊ शकते. २०२४ च्या ड्युरँड चषकात बाद फेरीचे सामने बरोबरीनंतर अतिरिक्त वेळ न देता थेट शूटआउटवर नेण्यात आले. मोहन बागानने उपांत्यपूर्व फेरीत पंजाब एफसीला आणि उपांत्य फेरीत बंगळुरूला याच मार्गाने हरवले. अंतिम सामन्यात मात्र नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांचा ४-३ असा पराभव केला. गोलरक्षक गुरमीत सिंगने गोव्याचा लिस्टन कोलासो आणि कर्णधार सुभाशिष बोस यांचे फटके अडवले. यशस्वी पंचक पुन्हा पुन्हा उतरवण्यात एक धोकाही असतो. त्यांच्या फटक्यांचे ताजे चित्रीकरण प्रतिस्पर्ध्याच्या हाती आलेले असते.

निवडीची पहिली चौकट नियमांची आहे. सामना संपतेवेळी मैदानावर असलेल्या खेळाडूंनाच फटका मारता येतो. त्यामुळे पेनल्टीत वाकबगार खेळाडूला थकला म्हणून ऐंशीव्या मिनिटाला बाहेर काढले, तर तो शूटआउटसाठी परत येऊ शकत नाही. एका संघाचे खेळाडू कमी असतील, तर दुसऱ्या संघाला तेवढेच खेळाडू वगळावे लागतात. साहजिकच सर्वांत कच्चा नेमबाज वगळला जातो. फटक्यांचा क्रम पंचांना आधी कळवण्याचे बंधन नाही, त्यामुळे तो शेवटच्या क्षणीही बदलता येतो. गोलरक्षकासह सर्वांची पाळी झाल्याखेरीज कोणालाही दुसऱ्यांदा संधी मिळत नाही.

सॅफ अजिंक्यपद स्पर्धेत २०२३ मध्ये बंगळुरूच्या श्री कांतीरवा मैदानावर भारताला सलग दोनदा या कसोटीतून जावे लागले. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक निलंबित असल्याने दोन्ही वेळी संघाची सूत्रे गोव्याचे माजी बचावपटू महेश गवळी यांच्याकडे होती. उपांत्य फेरीत लेबनॉनला ४-२ असे नमवताना कर्णधार सुनील छेत्रीने पहिला फटका घेतला. कुवेतविरुद्धच्या अंतिम सामन्यातही सुरुवात त्यानेच केली. त्याच्यानंतर संदेश झिंगन आणि लालियानझुआला छांगते यांनी गोल केले. पण उपांत्य फेरीत अचूक ठरलेला उदांता सिंग या वेळी चुकला. पाच फटक्यांनंतर ४-४ अशी बरोबरी होती. सहावा फटका नाओरेम महेश सिंगने जाळ्यात मारला, कुवेतचा कर्णधार खालेद हाजियाचा फटका गुरप्रीत सिंग संधूने रोखला आणि भारताने नववे विजेतेपद मिळवले. पाच नावांनंतरची नावे भरतीची नसतात, हे येथे दिसून आले.

क्रमाबाबत प्रशिक्षकांत जुना मतभेद आहे. सर्वोत्तम खेळाडूला निर्णायक पाचव्या फटक्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत रूढ होती. २०१२ च्या युरो चषकात पोर्तुगालने क्रिस्तियानो रोनाल्डोला पाचवे स्थान दिले. स्पेनविरुद्धची उपांत्य लढत त्याची पाळी येण्यापूर्वीच हातची गेली. दहा वर्षांनंतर विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध ब्राझीलच्या नेमारच्या वाट्याला तेच आले. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने लिओनेल मेस्सीला, तर फ्रान्सने किलियन एम्बापेला पहिल्याच फटक्यासाठी पाठवले. पाचवा फटका येईलच याची शाश्वती नसते, पहिला मात्र हमखास असतो. त्यामुळे हा दुसरा मार्ग अधिक तर्कसंगत वाटतो.

केवळ पेनल्टीसाठी अखेरच्या क्षणी बदली खेळाडू उतरवण्याचा डाव त्याहून जोखमीचा असतो. २०२१ मध्ये झालेल्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी मार्कस रॅशफोर्ड आणि जेडन सांचो यांना अतिरिक्त वेळ संपता संपता मैदानात आणले. दोघांचेही फटके वाया गेले. पाचवा फटका १९ वर्षांच्या बुकायो साकाकडे आला, तोही अडवला गेला आणि इटलीने चषक जिंकला. नावे सरावातील कामगिरीवरून आपणच ठरवली होती, असे सांगून साउथगेट यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. चेंडूला एकदाही नीट स्पर्श न झालेल्या खेळाडूकडून भरलेल्या मैदानात सरावातील अचूकतेची अपेक्षा ठेवणे कठीणच.

गोलरक्षकाची निवडही याच हिशेबाचा भाग असते. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे लुई व्हान गाल यांनी कोस्टा रिकाविरुद्ध अखेरच्या क्षणी टिम क्रुलला उतरवले आणि त्याने दोन फटके अडवले. इंडियन सुपर लीगमध्ये ८ मार्च २०२१ रोजी बांबोळी येथे मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्या उपांत्य लढतीत तर दोन्ही प्रशिक्षकांनी हीच चाल खेळली. मुंबईने अमरिंदर सिंगच्या जागी फुर्बा लाचेन्पाला, तर गोव्याने धीरज सिंगऐवजी नवीन कुमारला पाठवले. पहिल्या पाच जणांनी निकाल लागला नाही आणि कोणत्याही प्रशिक्षकाने निर्णायक म्हणून योजलेली नसतील अशी नावे पुढे आली. नवव्या फेरीत गोव्याचा ग्लॅन मार्टिन्स चुकला. त्यानंतर मुंबईकडून मूळचा गोव्याचाच असलेला बचावात्मक मध्यरक्षक रॉलिन बोर्जेस पुढे आला, त्याने गोल केला आणि मुंबईने ६-५ अशा फरकाने प्रथमच अंतिम फेरी गाठली.