वसईचा किनारा

अहमदपूरच्या बालाघाटी माळावरून समुद्र पाहावयास निघालेल्या कुटुंबांना आम्ही वसईस जाण्याचे सुचवितो. भुईगावची पुळण, केळी-माडांच्या वाड्या, ताजी मासळी आणि राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी यांनी मन तृप्त होतेच. परंतु किल्ला पाहिल्यावाचून परतू नये.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. तटाआड चर्चे, मठ, हवेल्या उभ्या राहिल्या. या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद लाभले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज निघून गेले. आज तेथील बहुतेक चर्चांवर छप्पर नाही.

मग श्रद्धा कोणी राखली? तटाबाहेरच्या गावांतील शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तो या घरांच्या बळावर.

मराठवाड्यात आपली घरे मूठभर व विखुरलेली आहेत. मुलांनी शिंपले जरूर आणावेत. वडीलधाऱ्यांनी मात्र परतल्यावर सायंकाळची कुटुंबप्रार्थना चुकवू नये, एवढीच आमची विनंती.