जामीन, जॉबर आणि दाखला

चाकरी मागावयास आलेला माणूस कोण व कोठला, हें धन्यानें विचारूं नये असें कोणीहि म्हणणार नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. ही विचारपूस किती वेळां व्हावी, तिचा उपयोग कशासाठीं व्हावा आणि तिला मर्यादा कोणीं घालावी, हा तो प्रश्न होय. अमेरिकेंत त्यावरून घटक राज्य आणि संघराज्य यांच्यांत कज्जे झाले. त्याचें मर्म समजून घेण्यास भोर व वेल्हे ह्या डोंगरी मुलुखाचा इतिहासहि आम्हांस उपयोगी वाटतो.

वेल्ह्याच्या मुलुखांतील राजगड सुमारें पंचवीस वर्षें शिवाजीमहाराजांची राजधानी होता. त्यांच्या सैन्यभरतीविषयीं ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत नमूद आहे कीं, उमेदवारास महाराज स्वतः पाहत, आणि माणूस अनोळखी असल्यास आधींच चाकरींत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत. ह्या रीतींत विचारपूस दारावरच होई. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ओळख पटविणारा स्वतः आपल्या शब्दास बांधला जाई. अधिकार आणि जबाबदारी एकाच हातीं राहत.

पुढें हाच मुलूख बव्हंशीं पंतसचिवांच्या भोर संस्थानांत मोडूं लागला. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तेथील रयत कायद्यानें ब्रिटिश प्रजा नव्हती. तथापि पोटासाठीं घाट उतरून मुंबईस जाणाऱ्यास परवान्याची गरज नसे. गिरणीच्या दारांत त्याची गांठ पडे ती जॉबराशीं. गांव, जात, नातें पाहून कामास लावणारा तोच, काढणारा तोच, आणि त्याबद्दल दस्तुरी घेणाराहि तोच! व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत जॉबराच्या हातून हा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली; १९३५ पासून गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांस कार्डें देण्याची योजना सुरू केली. जामीन आणि जॉबर यांतील भेद येथें उघड होतो. जॉबराच्या शब्दामागें कसलेंच ओझें नव्हतें, उलट तो शब्द काढून घेण्याची धमकी त्याच्या हातीं सदैव होती. ज्याच्या हातीं ओळख, त्याच्या हातीं पोट!

१९५० च्या राज्यघटनेनें भारतीय नागरिकास देशांत कोठेंहि संचार करण्याचा, राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क दिला. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील रंगभूषाकारांच्या एका संघटनेनें सभासदत्वासाठीं महाराष्ट्रांत पांच वर्षें वास्तव्य असण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१४ मध्यें ती रद्द ठरविली.

परंतु कामकरी परदेशस्थ असल्यास काय? अमेरिकेनें १९८६ च्या कायद्यानें नव्या कामगाराचे कागद तपासण्याचें काम धन्याकडे सोंपविलें, आणि पुढें १९९० च्या कायद्यानें ठरल्याहून अधिक कागद मागून भेदभाव करण्यास बंदी घातली. कारण उघड आहे. थकलेली मजुरी मागणाऱ्यास “आधीं तुझे कागद दाखीव” असें म्हटलें कीं त्याचें तोंड बंद होतें. कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०१८ पासून आणखी पुढें जाऊन संघराज्याच्या कायद्यास आवश्यक नसलेली फेरतपासणी धन्यांस मना केली, आणि सरकारी तपासणीची नोटीस आल्यास कामगारांस कळविणें भाग केलें. संघराज्यानें फिर्याद केली. जुलै २०१८ मध्यें न्यायालयानें खाजगी धन्यांपुरतें फेरतपासणीचें कलम तूर्त स्थगित केलें, नोटिशीचें मात्र राखलें.

संघराज्याचें म्हणणें पोकळ नव्हे. परकीय कोण हें ठरविणें हें मध्यवर्ती सत्तेचेंच काम आहे. पण म्हणूनच तें धन्याच्या मर्जीवर सोंपवितां येत नाहीं. राज्याच्या चौकशीला नियम असतात, तिच्यावर अपील असतें; धन्याच्या चौकशीला यांपैकीं कांहीं नसतें, आणि तिचा निकाल त्याच संध्याकाळीं मजुरीच्या हिशेबांत उतरतो.

ही भीति केवळ परदेशस्थांपुरती नाहीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत राहणारे कातकरी ह्या मातीचे जुने रहिवासी. केंद्र सरकारनें त्यांस विशेष दुर्बल आदिवासी गटांत गणिलें आहे. ह्या जमातीचीं कित्येक कुटुंबें उचल घेऊन हंगामापुरतीं वीटभट्ट्यांवर जातात, आणि साध्या दाखल्यांसाठींहि त्यांस कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. दाखला हीच माणसाची एकमेव ओळख ठरली आणि ती वाटेल तेव्हां मागण्याची मुभा धन्यास मिळाली, तर जो पिढ्यान्‌पिढ्या येथलाच आहे तोच प्रथम परका ठरेल.

तेव्हां विचारपूस अवश्य व्हावी. ती दारावर व्हावी, एकदां व्हावी, आणि विचारणाराहि जबाबदारीनें बांधलेला असावा. राजगडच्या चाकरींत जी गोष्ट जामिनानें साधत असे, ती आज कायद्यानें साधावयाची आहे. दाखला तपासणाऱ्याच्या अंगावर जामिनाचें ओझें नसेल, तर त्याचा जॉबर होण्यास वेळ लागत नाहीं, एवढाच ह्या इतिहासाचा इशारा आहे.