दाबमापनाच्या एककांचे स्थित्यंतर : भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

भंडारा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात धान, तलाव आणि मँगनीज यांची चर्चा विपुल आढळते. मात्र तेथील उद्योगांत वाफेचा दाब कोणत्या एककात मोजला गेला, हा विषय उपेक्षितच राहिला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मध्य प्रदेशातून तत्कालीन मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी संसदेने वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा अधिनियम संमत केला. राज्य आणि माप जवळपास एकाच वेळी बदलावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. खंडी व कुडव जाऊन क्विंटल व किलोग्रॅम आले, हे स्थित्यंतर भर बाजारात घडले. त्याबाबत शेतकऱ्याला शंका विचारता आली, घासाघीसही करता आली. दाबाच्या एककांचे स्थित्यंतर मात्र उसना तांदळाच्या गिरणीतील बॉयलरच्या तबकडीपुरते मर्यादित राहिले. तेथे घासाघिशीला वाव नव्हता.

ब्रिटिश परंपरेतील यंत्रांवर दाब 'पौंड प्रति चौरस इंच' या एककात दर्शविला जाई. कामगारांच्या तोंडी नुसते 'पौंड'. मेट्रिक पद्धतीने 'किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर' हे एकक आणले. एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे १४.२२ पौंड, म्हणून १०० पौंड दाब म्हणजे ७.०३ किलोग्रॅम. सोयीसाठी १०० पौंडांना १० किलोग्रॅम मानल्यास प्रत्यक्ष दाब १४२ पौंडांवर जातो. धान्याच्या मापातील चुकीने पैशाचे नुकसान होते, येथे माणसाच्या जिवाशी गाठ असते.

कायद्याची भाषाही एकसंध नव्हती. १९२३ च्या बाष्पक अधिनियमातील पाच गॅलनची मर्यादा पुढे २२.७५ लिटर झाली. काटेकोर गणिताने ती २२.७३ भरते. १९७१ मध्ये दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला 'पास्कल' हे नाव मिळाले आणि १९७६ च्या अधिनियमाने भारताने ती एकक पद्धती स्वीकारली. त्यानुसार एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८.०६६५ किलोपास्कल. तरीही २००७ मध्ये बाष्पक अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा सूट देण्याची मर्यादा 'एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर' अशीच लिहिली गेली. संसदेलाच जे एकक सोडवेना, ते गिरणीतील फायरमनने सोडावे, ही अपेक्षा अवाजवी होती.

व्यवहारात फायरमनला आधार होता तो तबकडीवरील लाल रेघेचा. कमाल अनुज्ञेय दाब दर्शविणारी ही रेघ वाचण्यासाठी कोणतेही रूपांतर करावे लागत नसे. जुन्या पौंडांच्या दाबमापकाऐवजी किलोग्रॅमचा दाबमापक बसविला जाई, तेव्हा मात्र ती रेघ नव्या आकड्यांत हिशेबाने पुन्हा ओढावी लागे.