डॉक्टर संघटनेचे सदस्य असले, तर रुग्णाला काय फायदा?

खामगाव, मलकापूर, मेहकरसारख्या गावांत अनेक डॉक्टर एकट्यानेच दवाखाना चालवतात. अवघड रुग्ण आला आणि ओळखीच्या तज्ज्ञाला लगेच फोन करता आला, तर इथेच उपचार करायचे की अकोल्याला हलवायचे, हे वेळेत ठरते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए, स्थापना १९२८) स्थानिक शाखांमधून अशा ओळखी होतात.

ज्ञान अद्ययावत राहते
ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. शाखेने मान्यताप्राप्त व्याख्यान ठेवले, तर ते गुण जवळच मिळतात. त्यासाठी दवाखाना बंद ठेवून मुंबई-पुणे गाठावे लागत नाही.

हे लक्षात ठेवा
- संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक असते. सदस्य नसलेले डॉक्टरही उत्तम असू शकतात.
- महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी मात्र सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर पाहा.
- उपचारांत निष्काळजीपणा झाल्याची तक्रार परिषदेकडे करता येते. नोंदणीवर कारवाईचा अधिकार तिलाच आहे, संघटनेला नाही.
- शंका असल्यास, "दुसऱ्या तज्ज्ञांशी बोलून पाहाल का?" असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही.