रानातल्या जनावराचे वय

रानातल्या जनावराला जन्मपत्रिका नसते. दावणीच्या जनावराची गोष्ट वेगळी. आमच्या भोसरीपासून चाकण पाच-सहा कोसांवर, आणि चाकणचा जनावरांचा बाजार पिढ्यान् पिढ्यांचा. आज त्याच्या आसपास मोटारींचे कारखाने उभे आहेत. पण बैल घ्यायला आलेला शेतकरी अजूनही पहिल्याने त्याचा जबडा उघडून पाहतो. दुधाचे दात पडले नसतील तर ‘आदत’, मग ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘सहा दाती’, आणि सगळे पक्के दात आले म्हणजे ‘जुळलेला’. विकणारा काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत.

पण दावणीचा बैल तोंड उघडू देतो. माळावरच्या काळविटाचे तोंड कोणी उघडावे? आणि त्याचे वय जाणून तरी काय करावयाचे? या दोन प्रश्नांना निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळत गेली. ती कशी बदलली, याचा इतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो. भोसरीतल्या माणसाने हा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचा गाव मोजमापाचा आहे. येथे लोखंडाचा तुकडा केसभर जाड निघाला तर तो बाद होतो. तेव्हा न मोजता येणाऱ्या गोष्टी लोकांनी कशा मोजल्या, याचे कुतूहल आम्हांला असायचेच.

या कामी आपले पूर्वजही मागे नव्हते. तेराव्या शतकातील हंसदेव नावाच्या जैन पंडिताने ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव आणि वयानुसार त्यांच्या रूपात पडणारा फरक त्यात वर्णिला आहे. आपले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या परिश्रमाने तो मराठीतही आला. परंतु पोथीपेक्षा मोठी विद्या होती ती माणसांच्या डोळ्यांत. फासेपारधी माग काढीत. खुराचा ठसा किती रुतला आहे, त्याच्या कडा ताज्या आहेत की वाऱ्याने झिजल्या आहेत, लेंड्या ओल्या की सुकलेल्या, यांवरून जनावर कोणते, केव्हा गेले, हे ते ताडीत. ही विद्या शाळेत शिकवली जात नव्हती. बाप मुलाला माळावर दाखवीत असे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे या माणसांवरही जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायद्याने पुसला गेला १९५२ साली. ज्यांच्यापाशी रानाचे अक्षरज्ञान होते, त्यांनाच आपण गावाबाहेर ठेवले. ते ज्ञान विचारून घ्यावे असे फारच थोड्यांना वाटले.

साहेबाने मात्र दुसऱ्या रीतीने नोंदी केल्या. विल्यम हेन्री सायक्स नावाचा लष्करी अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करीत होता. पिके, माणसे, पाऊसपाणी यांच्याबरोबर त्याने प्राणी आणि पक्षीही टिपले. १८३१ साली लंडनच्या प्राणिविषयक संस्थेपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली, आणि आपल्या माळांवरच्या चिंकाऱ्याला त्या संस्थेचा चिटणीस बेनेट याचे नाव दिले. आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत चिंकाऱ्याच्या नावापुढे सायक्सचे नाव आणि १८३१ हे साल लिहितात. ज्या पठारावर आज आपण कारखाने, सोसायट्या आणि टोलनाके पाहतो, त्याच पठाराने शास्त्राला हे नाजूक जनावर दिले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

सायक्सने नाव दिले; त्याच्यामागून आलेल्या शिकाऱ्यांनी फूटपट्टी आणली. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ साली जगभरच्या शिकारींच्या शिंगांच्या लांबीची नोंदवही छापली आणि मग इंचाइंचाची चढाओढ लागली. आमच्याकडच्या संस्थानिकांचा षौक निराळा. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. इकडचे चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवीत. बंदूक असो की चित्ता, निवड एकच : कळपातला सर्वांत काळा आणि सर्वांत लांब शिंगांचा नर. म्हणजे वय ओळखले जात होते खरे, पण ते मारण्यासाठी. जो नर जगण्याच्या सगळ्या परीक्षा देऊन उतरला, त्यालाच बक्षीस म्हणून गोळी!

येथे थोडे शिंगांविषयी सांगितले पाहिजे. सांबर आणि चितळ यांची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी फुटतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग; त्यांची शिंगे जन्मभर डोक्यावर असतात. काळविटाचे पाडस तांबूस रंगाचे. नराला पहिल्या वर्षात शिंगांचे सरळ खुंट येतात. दुसऱ्या वर्षी त्यांना पीळ पडू लागतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पाठ काळवंडत जाते, आणि पुढे तीन-चार पिळांची शिंगे मिरवणारा काळाभोर नर तयार होतो. येथवर वय वाचणे सोपे. त्यापुढे मात्र शिंग मौन धरते. चार वर्षांचा आणि आठ वर्षांचा नर शिंगांवरून वेगळा ओळखणे कठीण. लांबीही फसवी; पंजाब-राजपुतान्याकडची शिंगे दख्खनपेक्षा लांब, अशी शिकाऱ्यांत ख्यातीच होती. रंगावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण केस गळून नवे येताना हाच काळा नर तपकिरी दिसू लागतो.

हीच अडचण साता समुद्रांपलीकडे अमेरिकेतही होती. तेथे पांढऱ्या शेपटीचे हरीण फार, आणि त्याच्या शिंगांचे फाटे मोजून वय सांगण्याची लोकांत रूढी. फाटे चाऱ्यावर आणि आनुवंशिकतेवर अवलंबून असतात, आणि म्हातारपणी तर ती शिंगे उतरणीलाही लागतात, हे पुढे कळले. १९४९ साली सेवरिंगहाउस नावाच्या न्यूयॉर्ककडच्या अभ्यासकाने त्या हरणांचे दात कसे येतात आणि दाढा कशा झिजतात यांवरून वय ठरवण्याची रीत प्रसिद्ध केली. चाकणच्या बाजारातील शेतकऱ्याने ती वाचली असती तर तो गालातल्या गालात हसला असता! पुढे दाताच्या मुळावर वर्षावर्षाने चढणारे थरही सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येऊ लागले. शास्त्र पुढे गेले, पण एक गोष्ट तशीच राहिली. दात पाहायचे तर जनावर मेलेले हवे, नाहीतर पकडलेले तरी.

यातून सोडवले ते कॅमेऱ्याने, आणि मौज अशी की त्याचा आरंभही हरणापासूनच झाला. जॉर्ज शायरस नावाचा अमेरिकन वकील आधी शिकारी होता. बंदूक सोडून त्याने कॅमेरा धरला. मिशिगनच्या सरोवरांतून रात्री होडीने जावे, दिव्याच्या झोतात हरणाचे डोळे चमकले की चूर्णाचा भडका उडवून चित्र घ्यावे, असा त्याचा क्रम. पुढे त्याने जनावराचा पाय दोरीला लागताच आपोआप चित्र निघावे अशी जुळणीही केली. १९०६ च्या जुलैमध्ये त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात छापली गेली. आपल्या देशात हे काम केले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत त्याने अशाच तारा ताणून वाघांना स्वतःचे चित्र स्वतःच काढायला लावले, आणि १९२७ साली त्यावर पुस्तक लिहिले. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, तेव्हा चित्रावरून वाघ ओळखता येतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. त्याच गोष्टीवर १९९० नंतर कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी वाघांच्या गणतीचे शास्त्र उभे केले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बांधले गेले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे घेतली; त्यांतली वाघांची फक्त ७६,६५१. बाकीच्या ढिगात हरणे, सांबरे, डुकरे, माणसे, आणि नुसते हललेले गवत!

आताच्या कॅमेऱ्याला तार लागत नाही. समोरून ऊबदार देह हलला की त्यातली यंत्रणा जागी होते. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात चित्र निघते आणि त्यावर तारीख-वेळ उमटते. पण तो बांधायचा कोठे, हे कॅमेरा सांगत नाही. त्याला जुनी पारधी विद्याच लागते. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा चिकट स्राव काडीला पुसून ठेवतो; चिंकाऱ्याचेही असे ढीग असतात. ती जागा शोधावी, नाहीतर पाणवठ्याची वाट धरावी. तोंड उगवतीला किंवा मावळतीला करू नये, समोरचे गवत काढावे; नाहीतर भर उन्हात वाऱ्याने डोलणाऱ्या कुसळांची हजार चित्रे मिळतात. आणि अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीवाचून हे काही करता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

मग वय कसे कळते? एका चित्रावरून अंदाजच. मान जाड झाली, छाती खोल उतरली, पोट ओघळले, पाठीला बाक आला, की नर प्रौढ किंवा म्हातारा. खरे वय कळते ते चिकाटीने. कुणाचा कान फाटका, कुणाच्या शिंगाचे टोक तुटलेले, कुणाची शिंगे एका बाजूला फाकलेली, अशा खुणांवरून तोच नर पुढच्या वर्षी ओळखायचा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पाडसपणी पाहिलेला नर सातव्या वर्षी पाणवठ्यावर आला तर तो सात वर्षांचा; तेथे तर्काला जागा नाही. यंत्र फक्त डोळा उघडा ठेवते. वय मोजतो तो माणसाचा धीर. आणि मोजून झाल्यावर जनावर आपल्या वाटेने निघून जाते. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. वय जाणण्यासाठी जीव घ्यावा लागत होता. आता लागत नाही.

राहिला दुसरा प्रश्न. जाणून काय करावयाचे? याचे उत्तर पाहायला भोसरीहून फार लांब जावे लागत नाही. सासवड, जेजुरी करीत मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घ्यावे आणि सुप्याकडे वळावे. तेथे १९९७ साली चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून जरासेच अधिक. कर्जत तालुक्यातले काळविटांचे रेहेकुरी अभयारण्य १९८० चे. ते तर सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. १९७२ च्या कायद्याने दोन्ही जनावरांना सर्वांत वरच्या दर्जाचे संरक्षण दिले. पण कायदा गोळी थांबवतो. मोकाट कुत्री, भरधाव मोटारी आणि कुंपणे त्याला जुमानत नाहीत. म्हणूनच म्हाताऱ्या नराचे मोल. कळपात नुसती पाडसे आणि तरणे नर दिसले, तर संख्या भरते, पण मनात पाल चुकचुकते : वाढलेले नर गेले कोठे? उलट वाकलेल्या पाठीचा, तुटक्या शिंगाचा एखादा म्हातारा कॅमेऱ्यापुढून सावकाश गेला, तर समजावे की या माळाने गेली आठ-दहा वर्षे त्याला चारा दिला, पाणी दिले आणि पळायला जागा दिली. माळ नांदता असल्याचा याहून चांगला दाखला तलाठ्याच्या दप्तरात मिळायचा नाही.

त्या दप्तरात माळ बहुधा ‘पडीक’ म्हणून लागलेला असतो. झाड नाही, पीक नाही, म्हणजे काहीच नाही, असा आपला हिशेब. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले आणि आमच्या भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहिले. त्याचे मला दुःख नाही. त्या यंत्रांवर हजारो घरांच्या चुली पेटल्या. परंतु सगळेच माळ यंत्रांसाठी रिकामे पडले आहेत, असे समजू नये. सुप्याच्या गवतात जो चिंकारा दुपारच्या उन्हात बोरीच्या सावलीला रवंथ करीत बसतो, त्याच्या लेखी ती जमीन पडीक नाही. ते त्याचे वडिलोपार्जित घर आहे, आणि त्याची नोंद १८३१ सालापासून शास्त्राच्या वहीत आहे.

यंदा दिवाळीत मोरगावला जाणाऱ्या मंडळींनी थोडी वाट वाकडी करावी. मुलांना त्या माळाच्या कडेला न्यावे, गाडी बंद करावी, गप्प उभे राहावे. नर दिसला तर शिंगे किती लांब, हे विचारू नये. किती वर्षे जगला असेल, एवढेच विचारावे.