आरसे, अजरख आणि एक लाकडी पोपट

परवा माळा आवरायला काढला. (घरातल्यांना ठाऊक आहे, मी हे दर दिवाळीआधी जाहीर करते आणि निम्म्यावर सोडते.) तिसऱ्या खोक्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला लाकडी पोपट निघाला आणि आवरणं तिथेच संपलं. चादर आणि पोपट, दोन्ही कच्छचे. तेव्हा म्हटलं, हे एकदा लिहूनच टाकू.

आमच्या वन्सं यजमानांच्या नोकरीपायी बरीच वर्षं भुजला होत्या. मी पहिल्यांदा तिकडे गेले डिसेंबर १९९९ मध्ये. घर सजवायची हौस दांडगी आणि पर्स हलकी, अशी तेव्हाची परिस्थिती. वन्संनी आधी नेलं ते आयना महालात. अठराव्या शतकाच्या मध्यावर राव लखपतजींनी हा बांधून घेतला, आणि त्यामागचा हात रामसिंह मालम या कारागिराचा. हा मूळचा दर्यावर्दी. असं सांगतात की समुद्रात संकटात सापडलेल्या रामसिंहाला एका डच जहाजानं वाचवलं आणि तो थेट हॉलंडला पोहोचला. तिथे वर्षानुवर्षं राहून काच, मीनाकारी, घड्याळं, फरशा असं काय काय शिकून आला. परत आल्यावर त्याच्या कसबाला जागा दिली ती कच्छच्या रावानं.

आत गेल्यावर मी अक्षरशः तोंड उघडं टाकून उभी होते. संगमरवरी भिंती, त्यांवर सोनेरी चौकटींतले आरसे, पायाखाली निळ्या-पांढऱ्या फरशा. शेजारी फुवारा महाल. मधोमध बसायचा चौथरा, भोवती पाणी आणि कारंजी. कच्छच्या उन्हाळ्यावर काढलेला तोडगा! आपल्याकडे अशी एखादी खोली असती तर वीजबिल वाचलं असतं, असं मी म्हटल्यावर वन्संनी डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी बन्नीत भुंगे बघितले. गोल मातीची घरं, वर शंकूसारखं गवती छप्पर. आतल्या भिंतींवर लिंपण, म्हणजे माती आणि शेणाच्या काल्यानं उठावाची नक्षी काढायची आणि त्यात छोट्या आरशांचे तुकडे बसवायचे. एका दिव्यात सगळी भिंत लुकलुकते. राजाच्या महालातही आरसे आणि गुराख्याच्या घरातही आरसेच, ही गंमत मला तेव्हा सुचली नव्हती. येताना धमडक्याची अजरख चादर घेतली. हीच ती, पोपटाला गुंडाळलेली.

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊ. ७.७ तीव्रतेचा भूकंप, सुमारे २० हजार माणसं गेली. वन्सं झेंडावंदनाला शाळेच्या मैदानावर होत्या आणि भावोजी परगावी, म्हणून दोघं वाचले. आम्हाला हे कळायला तीन दिवस लागले. जुन्या शहरातलं त्यांचं भाड्याचं घर आणि तळमजल्यावरची घरमालकांची सून, दोन्ही राहिलं नाही. वन्सं त्याविषयी आजही फार बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

कोटाच्या आतली पुष्कळ घरं दगड आणि मातीच्या बांधकामाची. भिंती जाड, वर वजन, गल्ल्या अरुंद. हलल्यावर असा दगड सुटतो आणि पळायला जागा उरत नाही. १९९३ मध्ये किल्लारीला आपण हेच बघितलं होतं. तिथे दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद होतं. उलट बन्नीतले कितीतरी भुंगे उभे राहिले. गोल भिंतीला कोपरे नसतात, धक्का सगळीकडे वाटला जातो आणि छप्पर हलकं असतं. ज्यांना आम्ही 'कच्ची घरं' म्हणत होतो ती टिकली. आयना महालाचे वरचे मजले ढासळले. पुढे काही भाग दुरुस्त होऊन पुन्हा बघायला खुला झाला.

अजरखची गोष्ट वेगळीच. धमडक्यात भूकंपानंतर पाणीच बदललं, त्यात लोखंडाचं प्रमाण वाढलं. आता यात काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. पण अजरखमध्ये काळा रंग मुळी लोखंडाच्या गंजातून करतात. कापडाला आधी हिरडा दिलेला असतो, लोखंड त्याला भेटलं की काळं होतं. लाल येतो तुरटीच्या जोरावर. म्हणजे धुवायच्या पाण्यातच लोखंड असेल तर जिथे लाल हवा तिथे मळकट उतरणार. मग खत्री मंडळींतल्या अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं. नाव ठेवलं अजरखपूर! २०१५ साली वन्संबरोबर तिथे जाऊन दुसरी चादर आणली. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या, लाल सारखा की वेगळा यावर आमचं एकमत झालं नाही.

राहिला पोपट. तुळईखाली लावतात त्या कोरीव लाकडी ब्रॅकेटवरचा. २००२ मध्ये मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "कच्छचा आहे, भूकंपातला." मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, कारण किंमत परवडत होती. हॉलमध्ये टांगला. दिवाळीला वन्सं आल्या, चपला काढता काढता थांबल्या, जवळ जाऊन त्याच्या चोचीवरून बोट फिरवलं.

"कुणाच्या घरचा गं हा?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही, काढ असंही म्हणाल्या नाहीत. मीच त्या रात्री काढला आणि माळ्यावर टाकला. कुणाला परत देणार? विकणं तर त्याहून वाईट. तेव्हापासून तो वर.

काल रात्री वन्संना फोन केला, पोपट सापडला म्हणून. पलीकडे जरा वेळ शांतता.

"वाळवी लागली नाही ना?"

"नाही, धड आहे."

"मग आण की इकडे. तेलाचा हात तरी देऊ."

रविवारी घेऊन जाते आहे. माळा यंदाही राहिलाच.